एमएसच्या पेशंटला लघवीचं कुणी विचारेल का?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच मल्टिपल स्क्लेरोसिसवर, म्हणजे एमएसवर, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या या आजारावर, मोठा लेख आला, अर्धं पान, एमआरआयचा फोटो वगैरे, आणि या आजारावर कुणीतरी एवढं सविस्तर लिहिलं म्हणून आधी बरंच वाटलं. डोळ्यांचं लिहिलंय, पाय ओढला जातो ते लिहिलंय, थकव्याबद्दल तर फारच छान लिहिलंय, तो भाग मी घरच्यांना मुद्दाम वाचायला दिला. पण लघवीच्या त्रासावर एक वाक्य, तेही सगळ्यात शेवटी, बाकीच्या किरकोळ तक्रारींच्या रांगेत उभं केलेलं. मी स्वतः बरीच वर्षं एमएस घेऊन जगतेय आणि खरं सांगायचं तर माझी काठी, माझा चष्मा, माझा थकवा या सगळ्यांनी मिळून माझा दिवस जेवढा ठरत नाही तेवढा तो लघवीने ठरतो, म्हणजे कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, कुठल्या खुर्चीत बसायचं, रात्री झोप लागणार की नाही, सगळं. म्हणून हे पत्र, आणि लांबलं तर आधीच माफी.

हे फक्त माझं रडगाणं नाहीये. एमएस असलेल्या १०० जणांपैकी साधारण ८० जणांना आजाराच्या वाटेवर कधी ना कधी लघवीचा त्रास होतो, हा आकडा कुठल्याही न्यूरोलॉजिस्टला माहीत असतो. तरी तपासायला गेलं की हातापायाची ताकद बघतात, गुडघ्यावर हातोडी मारतात, एका रेषेत चालायला लावतात, डोळ्यासमोर बोट फिरवतात, आणि वेळ संपतो. आपणही सांगत नाही. सोबत नवरा असतो, मुलगा असतो, दाराबाहेर रांग असते, आणि "डॉक्टर, काल कपड्यात झाली" हे वाक्य तोंडातून निघतच नाही. डॉक्टरांना वाटतं पेशंट बोलला नाही म्हणजे त्रास नसेल, पेशंटला वाटतं डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणजे याचा आजाराशी संबंध नसेल, आणि असंच वर्षानुवर्षं चालू राहतं.

संबंध कसा आहे ते थोडं सांगते, कारण ते कळलं की बरीच लाज आपोआप कमी होते. लघवीच्या पिशवीला दोनच कामं असतात, साठवणं आणि रिकामी करणं. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली लघवी मावते, १५०-२०० मिलीच्या आसपास पहिली जाणीव होते आणि मेंदू तिला सांगतो, थांब, आत्ता नाही. हा निरोप मेंदूतून मज्जारज्जूतून खाली पार कंबरेच्या शेवटी जातो आणि तिथून पिशवीला पोचतो, पिशवीकडून वर जाणारा निरोपही त्याच वाटेने. पिशवी आवळायची आणि त्याच क्षणी तोंडाशी असलेला स्नायू सैल सोडायचा, हा ताळमेळ मेंदूच्या खालच्या भागातलं एक केंद्र जमवतं. आता एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरचं आवरण खाते, मेंदूतही आणि मज्जारज्जूतही, आणि एवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही डाग पडला तरी निरोप अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. म्हणजे पिशवी बिचारी धडधाकट असते. मनाचा कमकुवतपणा, वय, आळस, "आधीच जाऊन यायला काय होतं", यातलं काही कारण नसतं.

बिघाड दोन्ही दिशांनी होतो. एकात पिशवी थोडीशी भरली की स्वतःच आवळायला लागते, मग ती भयानक घाई, दार उघडेपर्यंत दम निघत नाही, दिवसातून दहा-बारा वेळा फेऱ्या, रात्री तीनदा उठणं. दुसऱ्यात पिशवी नीट रिकामीच होत नाही, बसून राहायचं, सुरूच होत नाही, झाली तर तुटक तुटक, आणि उठल्यावर पाच मिनिटांत परत लागल्यासारखं. आणि तिसरा प्रकार एमएसचा खास, पिशवी जोर करते तेव्हाच तोंडाशी असलेला स्नायू सैल पडायचा सोडून घट्ट होतो, आपण बाहेरून दार ढकलतोय आणि आतून कुणीतरी कडी धरून उभं आहे असा प्रकार. यात घाईही असते आणि अडकणंही असतं, दोन्ही एकाच वेळी, आणि ज्याला होतं त्याला आपल्याला नक्की काय होतंय हेच सांगता येत नाही.

आता माझा खरा मुद्दा. बाहेरून ही सगळी लक्षणं जवळपास सारखीच दिसतात. पिशवी अतिचपळ असली तरी सारखी लागते, आणि पिशवीत सतत अर्धी लघवी उरत असली तरी सारखी लागते, कारण उरलेल्या जागेत परत भरायला वेळ तो कितीसा लागणार. पेशंटने "सारखी लागते" एवढं सांगितलं तर त्यावरून कळत काहीच नाही. कळतं ते एका अगदी साध्या तपासणीतून, लघवीला जाऊन यायचं आणि लगेच पोटावरून सोनोग्राफी करून आत किती उरली ते मोजायचं. दुखत नाही, सुई नाही, दोन-चार मिनिटांत होतं. उरलेली लघवी पुन्हा पुन्हा १०० मिलीच्या वर येत असेल तर बहुतेक डॉक्टर नळीने पिशवी रिकामी करण्याचा विचार सुरू करतात. आणि तरीही कितीतरी जणांना ही तपासणी न करताच गोळी लिहून दिली जाते!

या गोळ्या म्हणजे ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन या कुळातल्या, त्या पिशवीला शांत करतात. जिची पिशवी अतिचपळ आहे तिला छान गुण येतो, मी नाही म्हणत नाही. पण जिच्या पिशवीत आधीच लघवी उरतेय तिची पिशवी आणखी शांत केली तर काय होणार, आणखी उरणार. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं नेमकं हेच झालं, घाई होते म्हणून गोळी मिळाली, महिनाभर बरं वाटलं, मग घाई दुपटीने वाढली म्हणून डोस वाढवला, आणि शेवटी थंडीताप भरून ॲडमिट व्हावं लागलं तेव्हा कुणीतरी सोनोग्राफी केली आणि पिशवी तुडुंब भरलेली निघाली. डॉक्टर कोण, हॉस्पिटल कुठलं हे लिहीत नाही, कारण हा कुणा एकाचा दोष नाहीये, सवयच तशी पडलीय.

गोळ्यांचं आणखी एक कुणी सांगत नाही. तोंड सुकतं हे सगळ्यांना कळतं, पण त्यांनी बद्धकोष्ठही होतं, नजर थोडी धूसर होऊ शकते, आणि डोकं जड, विसराळूपणा असंही होऊ शकतं, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने आणि वयस्कर माणसांत. एमएसमध्ये आठवणीचा आणि नजरेचा त्रास आधीच असतो, मग गोळीमुळे झालेलं धूसरपण आजार वाढला म्हणून मोजलं जातं. मिराबेग्रॉन नावाची वेगळ्या पद्धतीने काम करणारी गोळी आहे, तिने तोंड असं सुकत नाही आणि डोक्यावरही तसा परिणाम होत नाही, पण ब्लड प्रेशर वाढू शकतं म्हणून ते बघत राहावं लागतं. कुठली घ्यायची ते डॉक्टरच ठरवणार, आपण फक्त विचारायचं की मला हीच का, आणि देण्याआधी आत किती उरते ते बघणार का.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्यातली जवळजवळ सगळी मंडळी घराबाहेर पडायचं असलं की पाणी बंद करतात. सकाळपासून घोटभरसुद्धा नाही, परत आल्यावर एकदम तांब्याभर. दिसायला शहाणपणाचं वाटतं, पण पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी पिशवीला टोचते आणि घाई उलट वाढते, जंतूंना वाढायला जागा मिळते, आणि पोट साफ होत नाही ते वेगळंच. पोट साफ नसलं की मागून भरलेलं आतडं पिशवीवर दाबतं, म्हणजे परत घाई. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं नाही त्यांनी दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी थोडं थोडं, दिवसभरात विभागून प्यावं आणि झोपायच्या आधीचे दोन तास हात आखडता घ्यावा, हे साधं गणित. कमी करायचंच असेल तर चहा, कॉफी, कोला आणि दारू कमी करा, कॅफिन पिशवीला छेडतं. चहा पूर्ण सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मला स्वतःला ते जमणार नाही.

दुसरी फुकटातली गोष्ट म्हणजे वही. सलग तीन दिवस, किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, काय प्यायलो, घाई होती का, कपड्यात झाली का, एवढंच लिहायचं. वाटतं काय हा बालिश उद्योग, पण डॉक्टरांच्या समोर वही ठेवली की बोलायला लाज वाटत नाही, आकडेच बोलतात, आणि डॉक्टरांनाही एका नजरेत कळतं की ही प्रत्येक वेळी जेमतेम १०० मिली करतेय म्हणजे काय शोधायचं, किंवा दिवसापेक्षा रात्री जास्त होतेय म्हणजे प्रश्न पिशवीचा नाहीच, दुसराच आहे. दिवसभर बसून राहिल्याने पायात पाणी उतरतं आणि आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येऊन लघवी बनतं. अशा माणसाने दुपारी पाय उंच करून तासभर पडलं तर रात्रीची एखादी फेरी कमी होऊ शकते, गोळी न घेता. यासाठी डेस्मोप्रेसिन नावाचं औषधही आहे, त्याने काही तास लघवी कमी तयार होते, पण ते २४ तासांत एकदाच घ्यायचं, त्यानंतर पाणी जपून प्यायचं आणि रक्तातलं सोडियम तपासत राहायचं, कारण सोडियम घसरलं तर जिवावर बेतू शकतं, वय झालेल्यांना तर ते द्यायला डॉक्टर सहसा तयारच होत नाहीत. शेजारणीला लागू पडलं म्हणून मागून घेण्यासारखं हे औषध नव्हे.

रात्रीची घाई ही फक्त झोपेची गोष्ट नाही हेही घरच्यांनी लक्षात घ्यावं. अंधारात, झोपेत, ताठ पायांनी धावत संडासाकडे जाताना माणूस पडतो. आमच्यातल्या कितीतरी जणांची हाडं मोडली ती याच वाटेवर. रात्रभर एक छोटा दिवा, वाटेत काही नको, दाराला सोपी कडी, इलॅस्टिकचा पायजमा, आणि फारच दूर असेल तर पलंगाशेजारी भांडं किंवा कमोड खुर्ची. यात कमीपणा काय आहे मला समजत नाही.

घाई आली की धावायचं नाही, हे मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं आणि आधी मला ते हास्यास्पद वाटलं होतं. घाई लाटेसारखी येते, चढते आणि ओसरतेही, पण आपण चढत्या लाटेत धावतो आणि मध्येच घोटाळा होतो. त्यापेक्षा जागच्या जागी थांबायचं, शक्य असेल तर बसायचं, लघवी रोखून धरणारे खालचे स्नायू चार-पाच वेळा पटपट आवळायचे, डोक्यात दुसरं काहीतरी घोळवायचं, आणि घाई उतरली की शांतपणे चालत जायचं. हे आवळण्याचे व्यायाम अर्नॉल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडले, त्यांच्या नावानेच ओळखले जातात, आणि एमएस फार पुढे गेलेला नसेल तर त्यांचा खरोखर उपयोग होतो, फक्त एकदा कुणीतरी तपासून बरोबर स्नायू आवळताय का हे सांगायला हवं, कारण बहुतेक जण पोट नाहीतर मांड्याच आवळत बसतात. जिथे स्नायू मुळात सैलच होत नाही तिथे आणखी आवळायला शिकवणं उलटं पडू शकतं, म्हणूनच परत तेच, आधी तपासा. ठरलेल्या वेळी, म्हणजे दर दोन-तीन तासांनी लागो न लागो जाऊन येणं, आणि झाल्यावर लगेच न उठता थोडं थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करणं, हे तर कुणालाही जमतं.

इन्फेक्शनचं मात्र जरा सविस्तर लिहिते कारण इथे खरी फसगत होते. पेशंटचे पाय अचानक जड होतात, चालणं बंद पडतं, डोळ्यासमोर धुरकट होतं, घरात घबराट, एमएसचा अटॅक आला म्हणून धावपळ. बऱ्याचदा तो नवा अटॅक नसतो, लघवीचं इन्फेक्शन असतं. अंगातली उष्णता थोडी जरी वाढली तरी आधीच आवरण गेलेल्या नसा निरोप पोचवत नाहीत, हे व्हिल्हेल्म उठहोफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये लिहून ठेवलंय, म्हणजे यात नवीन काही नाही. ताप उतरला, इन्फेक्शन गेलं की पाय पुष्कळसे परत येतात. पण लघवी न तपासता अटॅकवरचं मोठ्या डोसचं स्टेरॉईड सुरू केलं तर इन्फेक्शन आणखी बळावण्याचा धोका असतो. म्हणून अटॅकसारखं काही वाटलं की आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू कुठले ते बघणं, ही गोष्ट प्रत्येक एमएसच्या घरात कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखी आहे. आणि आमच्या लोकांना इन्फेक्शनची जळजळ जाणवेलच असं नाही, जाणीवच कमी असते, कधी फक्त पाय जास्त ताठ होतात, लघवी गढूळ होते, वास येतो, माणूस गळून जातो.

याची दुसरी बाजूही आहे. जे नळी वापरतात त्यांच्या लघवीत जंतू जवळजवळ कायमच सापडतात. ताप नाही, त्रास नाही, आणि फक्त रिपोर्टवर जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक घेत राहिलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडते तेव्हा काहीच लागू पडत नाही. रिपोर्ट बघून औषध नाही घ्यायचं, माणूस बघून घ्यायचं. हे मी म्हणत नाही, आमच्या युरोलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टर, मॅडम म्हणतात, आणि प्रत्येक भेटीत म्हणतात.

आता नळी. हा विषय काढला की चेहरे पडतात, "आता एवढी वेळ आली का" म्हणून. लोकांच्या डोळ्यासमोर येते ती कायम लावलेली नळी आणि पायाला बांधलेली पिशवी. मी सांगतेय ती वेगळी, दिवसातून चार-पाच वेळा पेशंट स्वतः एक बारीक नळी घालतो, लघवी काढतो, नळी काढून टाकतो, संपलं. नर्स नीट शिकवते, पहिले काही दिवस हात थरथरतो, बायकांना सुरुवातीला आरसा लागतो आणि पुढे लागत नाही. आधी असं मानायचे की हे पूर्ण निर्जंतुकपणेच करायला हवं, हातमोजे, चिमटे, सगळा सरंजाम. मग जॅक लॅपिडेस नावाच्या अमेरिकन युरोलॉजिस्टने १९७२ मध्ये दाखवून दिलं की साबणाने धुतलेले स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते, कारण पिशवी ताणलेली राहणं हेच इन्फेक्शनचं मोठं कारण, आणि ती वेळच्या वेळी रिकामी होणं जास्त महत्त्वाचं. या एका गोष्टीने जगभरातल्या किती माणसांच्या किडन्या वाचल्या असतील. मी स्वतः ही नळी वापरते. पर्समध्ये मावते, संडासात गेल्यावर दोन मिनिटं जास्त लागतात, आणि त्यानंतर तीन-चार तास डोक्यात तो विषयच नसतो. मला नळीने बांधून ठेवलं नाही, उलट मी परत नाटकाला जायला लागले.

अर्थात सगळ्यांना ते जमत नाही. हाताला कंप असेल, बोटांत ताकद नसेल, मांड्या ताठ होऊन उघडतच नसतील, नजर गेली असेल तर दुसऱ्याला करावं लागतं आणि तो प्रश्न नाजूक असतो, नवरा-बायकोच्या नात्यात नर्सचं काम घुसतं. काहींना ते चालतं, काहींना नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला कुणी स्वार्थी म्हणू नये. पुढच्या टप्प्यात पोटाच्या खालच्या भागातून थेट पिशवीत नळी बसवतात, खालून कायम ठेवलेल्या नळीपेक्षा ती सांभाळायला बरी पडते, मूत्रमार्गाला जखमाही होत नाहीत.

गोळ्यांनी भागत नसेल तर पुढे उपाय आहेत हेही पुष्कळांना माहीत नसतं. पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, हो तेच सुरकुत्यांवालं, एमएससारख्या नसांच्या आजारातल्या अतिचपळ पिशवीसाठी त्याला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, २०० युनिटचा डोस असतो, परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो आणि मग परत द्यावं लागतं. पण काही जणांची पिशवी त्याने इतकी शांत होते की लघवी स्वतःहून होतच नाही, म्हणून आधीच नळी घालायला शिकून ठेवतात. घोट्याजवळ बारीक सुई टोचून नसेला हलका करंट देण्याचा एक प्रकार आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे १२ आठवडे, काहींना त्याने घाई चांगली कमी होते. आणि पिशवी नक्की काय करतेय हे ठरत नसेल तर युरोडायनॅमिक नावाची तपासणी, पिशवीत नळीने पाणी भरत दाब मोजतात, थोडं संकोचाचं काम आहे पण कळतं खूप.

पुरुष वाचकांसाठी खास. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाने लघवीची तक्रार केली की थेट प्रोस्टेटवर, म्हणजे पुरुषांच्या पिशवीखालच्या ग्रंथीवर, बोट ठेवतात, आणि बाईने केली की बाळंतपणावर किंवा वयावर. असेलही, एमएस असलेल्या माणसाला प्रोस्टेट होऊ नये असा काही नियम नाही, पण एमएस आहे हे माहीत असताना प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरवण्याआधी ती दाबाची तपासणी मागून घ्या, कारण अडथळा नसांचा असेल तर ग्रंथी कापून तो जायचा नाही. मला स्वतःला एका ठिकाणी "या वयात बायकांना होतंच" असं ऐकवलं गेलं होतं, फाइलवर मोठ्या अक्षरात एमएस लिहिलेलं असताना.

आणि काही गोष्टींत घरगुती उपाय करत बसू नये. लघवीतून रक्त, ताप आणि कंबरेत एका बाजूला दुखणं, किंवा लघवी पूर्ण तुंबून पोट फुगणं, यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रात्र काढू म्हणायचं नाही.

पॅडबद्दल. पॅड वापरा, मी वापरते, नाटकाला जाताना वापरतेच. पण तपासणी न करता थेट पॅड हातात देणारी माणसं आहेत, घरातही आणि दवाखान्यातही, आणि माझा राग त्यावर आहे, कारण मग पिशवीत काय चाललंय ते कुणी बघतच नाही आणि तिकडे ओलेपणाने कातडी खराब होते, व्हीलचेअरवरच्या माणसाला तर जखमा होतात. बाहेरच्या संडासांबद्दल काय लिहावं, अपंगांसाठी म्हणून बांधलेल्या संडासाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता हसूच येतं. घाई आलेल्या माणसाने किल्ली शोधत फिरायचं!

शेवटी दोन विनंत्या. पहिली न्यूरोलॉजिस्ट मंडळींना, ते आपला पेपर वाचत असतील तर, की हातोडी बाजूला ठेवल्यावर "लघवीला घाई होते का, आणि पूर्ण झाल्यासारखं वाटतं का" एवढे दोन प्रश्न विचारा, शक्यतो सोबतच्या माणसाला क्षणभर बाहेर पाठवून. दुसरी आपल्याला, की पुरवणीत यावर एखाद्या युरोलॉजिस्टकडून आणि नळी शिकवणाऱ्या एखाद्या नर्सकडून लिहून घ्या, नर्सकडून नक्की घ्या, कारण रोजचं तिला जास्त माहीत असतं. पत्र फार मोठं झालंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर नाटकाचं कापा, चहाचं कापा, प्रोस्टेटवाले रागावतील असं वाटलं तर तेही कापा, फक्त लघवीनंतरच्या सोनोग्राफीचा परिच्छेद तेवढा पूर्ण छापा.

आपली नियमित वाचक